कॅज्युअल्टीतल्या बिनवापराच्या कॅन्युला : मोहिमेचा उपयोग झाला का, हे कसं तपासायचं

रुग्ण कॉटवर आला, बीपी-पल्स झालं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘सिस्टर, लाईन घेऊन ठेवा.’ औषध काय द्यायचं ते अजून ठरलेलं नसतं, पण हातावर निळी किंवा गुलाबी कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी, म्हणजेच ‘लाईन’) बसलेली असते. तिच्यातून रक्त काढलं जातं, टोपण लागतं आणि कित्येकदा घरी सोडताना ती तशीच काढून टाकली जाते. मेलबर्नमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाने २०१३ साली आपला हिशेब प्रसिद्ध केला. तिथे रुग्णांच्या हातात टाकलेल्या कॅन्युलांपैकी जवळपास निम्म्या वापरल्याच गेल्या नव्हत्या. पुढे ५१ देशांतल्या ४० हजारांहून अधिक कॅन्युलांची पाहणी २०१८ साली छापून आली. त्यात सुमारे १४ टक्के रुग्णांच्या हातात कॅन्युला होती, पण शिरेतून द्यायचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येक कॅन्युला म्हणजे त्वचेला पाडलेलं एक भोक. शीर सुजते, हात दुखतो, क्वचित जंतू थेट रक्तात जातात. मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराच्या रुग्णाची तर पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (शीर आणि धमनी जोडण्यासाठी) लागणारी शीर आपण आज वाया घालवतो. म्हणून अनेक ठिकाणी ‘गरज असेल तरच लाईन’ अशी मोहीम सुरू होते. पोस्टर लागतात, लेक्चर होतं, आणि तीन महिन्यांनी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘बराच फरक पडलाय.’ हा फरक खरा आहे का, हे तपासायचं काम ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच पडलं आहे, त्या क्वालिटी विभागातल्या नव्या सहकाऱ्यांसाठी, इन्चार्ज सिस्टरसाठी आणि प्रोजेक्ट करणाऱ्या रेसिडेंटसाठी हा लेख आहे. मोहीम कशी चालवायची हा वेगळा विषय. इथे फक्त तपासणी.

पायरी १ : ‘वापरली’ म्हणजे काय, हे लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवखी टीम थेट आकडे गोळा करायला धावते आणि महिन्याभराने लक्षात येतं की दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या.

दोन नमुने घेऊ. समजा, ३४ वर्षांची बाई उलट्या होतात म्हणून आली. १०.४० ला डाव्या कोपरात २० नंबरची गुलाबी कॅन्युला, १०.४५ ला तिच्यातून रक्त, ११ वाजता ओंडान्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी, मग ओआरएस, १.१० ला घरी. ही कॅन्युला वापरली की नाही? रक्त तर काढलं. पण रक्त सुई-सिरिंजने किंवा बटरफ्लायनेही (पंखांच्या बारीक सुईनेही) निघालं असतं. उलट कॅन्युलातून काढलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटायचं प्रमाण जास्त असतं आणि लॅब पुन्हा नमुना मागते. माझ्या मते नुसतं रक्त काढणं ‘वापर’ धरू नये. सलाईन, शिरेतून दिलेलं औषध, रक्त किंवा रक्तघटक आणि सीटीसाठीचं कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून टोचायचं औषध) एवढंच वापरात धरावं. बसवल्यावर दिलेला फ्लश (नळी मोकळी ठेवायला ढकललेलं थोडंसं सलाईन) धरू नये, नाहीतर शंभर टक्के कॅन्युला वापरलेल्या निघतील.

दुसरा नमुना : ६१ वर्षांचे गृहस्थ, बाजारात चक्कर येऊन पडले, ईसीजी संशयास्पद. कॅन्युला टाकली, चार तास मॉनिटरवर ठेवलं, काहीच द्यावं लागलं नाही. कॅन्युला वापरली गेली नाही, पण ती अनावश्यक होती असं कोणी म्हणणार नाही. बिनवापराची आणि बिनगरजेची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापर झाला की नाही हे कागदावर दिसतं, गरज मात्र ठरवावी लागते. म्हणून आपण वापर मोजतो, आणि शंभर टक्के वापराचं उद्दिष्ट कधीच ठेवत नाही. एखाद्या विभागाने ९८ टक्के वापर दाखवला तर मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटेल : चक्कर येऊन पडलेल्या त्या गृहस्थांना तिथे लाईन मिळते का?

मुदतही ठरवा. टाकल्यापासून २४ तासांत वापर झाला तर ‘वापरली’, अशी मुदत सोयीची आहे. कारण रुग्ण वॉर्डात गेल्यावर पहिला अँटिबायोटिक डोस तिथे मिळतो, तोही हिशेबात यायला हवा.

पायरी २ : कोणाला मोजायचं

शॉक, मोठा अपघात, झटके, रक्ताची उलटी, सर्पदंश, छातीतल्या दुखण्यासोबत बदललेला ईसीजी, अशा रुग्णांना लाईन लागणारच. तिथे कोणाचा हात अडवायचा नाही. ट्रायजमध्ये, म्हणजे आल्याआल्या गांभीर्यानुसार रंग देऊन केलेल्या वर्गवारीत, हे रुग्ण लाल गटात येतात; मोहिमेचा रोख पिवळ्या आणि हिरव्या गटावर असतो. तरीही लाल गट नोंदीतून काढून टाकू नका, तो वेगळा ठेवा. त्याचा फार मोठा उपयोग पुढे होणार आहे.

दुसऱ्या रुग्णालयातून किंवा १०८ च्या गाडीतून लाईन लावूनच आलेले रुग्ण वेगळ्या रकान्यात टाका. त्या निर्णयावर तुमच्या विभागाचा ताबा नव्हता. लहान मुलांचाही स्वतंत्र गट करा, त्यांचं गणित वेगळं असतं.

पायरी ३ : एका आकड्यावर विसंबू नका

इथे ब्रिस्बेनचं उदाहरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. रॉयल ब्रिस्बेन अँड विमेन्स हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागाने कर्मचाऱ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवला : ही कॅन्युला वापरली जाईल याची तुम्हाला ८० टक्के खात्री आहे का? खात्री नसेल तर थांबा. त्याभोवती शिक्षण आणि आठवण करून देणारी मोहीम उभी केली. मोहिमेआधीचे आणि नंतरचे मिळून चार हजारांवर रुग्ण तपासले आणि निकाल २०१८ साली प्रसिद्ध केला. कॅन्युला टाकलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आलं, आणि टाकलेल्यांपैकी २४ तासांत वापरलेल्यांचं प्रमाण साधारण ७० वरून ८३ टक्क्यांवर गेलं.

आता हे दोन आकडे एकमेकांत गुणून पाहा. आधी दर शंभर रुग्णांत ४२ कॅन्युला, त्यातल्या अंदाजे ३० वापरलेल्या, १२ पडून. नंतर ३२ कॅन्युला, त्यातल्या साधारण २७ वापरलेल्या, पाच-साडेपाच पडून. म्हणजे पडून राहिलेल्या कॅन्युला निम्म्याहून कमी झाल्या आणि वापरातल्या फारशा घटल्या नाहीत. जे कमी व्हायला हवं होतं, मुख्यतः तेच कमी झालं. हे फक्त ‘४२ वरून ३२’ या आकड्यातून कळलं नसतं. तीच दहा टक्क्यांची घट वापरातल्या कॅन्युलांमधून आली असती, तर ती मोहीम रुग्णांच्या जिवावर बेतणारी ठरली असती.

तेव्हा तुमच्या तक्त्यात तीन आकडे हवेतच : शंभर रुग्णांमागे किती कॅन्युला टाकल्या, त्यातल्या किती टक्के वापरल्या, आणि शंभर रुग्णांमागे किती पडून राहिल्या. तिसरा आकडा पहिल्या दोनांतून निघतो आणि मोहिमेचा खरा निकाल तोच सांगतो. पहिला आणि तिसरा आकडा नेहमी कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णांवर काढा. ‘या महिन्यात ५० कॅन्युला कमी लागल्या’ या वाक्याला, त्या महिन्यात रुग्ण किती आले हे सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

पायरी ४ : नोंद कुठून आणायची

फार्मसीच्या इंडेंटवरून (साठ्याच्या मागणीपत्रावरून) कॅन्युला मोजायचा मोह टाळा. शीर सापडली नाही तर एका रुग्णावर तीन कॅन्युला खर्ची पडतात, आणि महिनाअखेरीला साठा भरून घेतला की आकडा उगाच फुगतो. ताळा करायला इंडेंट ठीक, मोजायला नाही.

कॅज्युअल्टी रजिस्टरमधून रुग्ण निवडा आणि प्रत्येकाचा नर्सिंग चार्ट व औषधांचा चार्ट उघडा. सगळे रुग्ण पाहणं जमत नसेल तर दर पाचवा घ्या, पण तिन्ही शिफ्टमधून आणि रविवारसकट. रात्रीच्या ड्युटीत एकटा इंटर्न असतो, विचारायला कोणी नसतं, तेव्हा ‘असू दे’ म्हणून टाकलेल्या कॅन्युला जास्त सापडण्याची शक्यता असते. फक्त सकाळचे चार्ट पाहिलेत तर नेमका प्रश्नच तुमच्या नजरेतून सुटेल.

एका रुग्णासाठी एक ओळ पुरते : तारीख, वेळ, शिफ्ट, ट्रायजचा रंग, मुख्य तक्रार, कॅन्युला होय किंवा नाही, जागा आणि नंबर, पहिला वापर कशासाठी आणि किती वाजता, घरी की भरती. रुग्णाचं नाव या तक्त्यात लागत नाही. कोणी टाकली तेही लिहू नका. नावं आली की चार्टवरच्या नोंदी बदलतात, आणि तुमची तपासणी तिथेच संपते.

‘नोंद नाही’ असा तिसरा पर्याय ठेवाच. औषध दिल्याची सही नाही याचा अर्थ औषध दिलं नाही असा होत नाही. रिकाम्या जागा ‘वापरली नाही’ मध्ये ढकलल्या, तर मोहिमेनंतर केवळ कागद नीट भरले जाऊ लागल्यामुळे ‘वापर वाढला’ असं दिसेल. काम सुरू करण्याआधी दोघांनी एकमेकांना न दाखवता तेच वीसेक चार्ट भरून पाहा. जिथे उत्तरं जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा तुमची व्याख्या कच्ची असते, माणसं नाही.

एका वेळच्या अंदाजासाठी किती चार्ट लागतात? प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर शंभराच्या आत काम होतं. पाच टक्क्यांच्या आत यायचं असेल तर पावणेचारशेच्या वर जावं लागतं. यात एक मेख आहे. ‘किती टक्के वापरल्या’ हे काढताना मोजणीत फक्त कॅन्युला टाकलेले रुग्ण येतात. शंभर कॅन्युला हव्या असतील तर त्याच्या दुपटीहून अधिक रुग्ण चाळावे लागतील.

पायरी ५ : आधीची पातळी घ्या आणि आठवड्यागणिक आलेख काढा

मोहिमेआधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना शेजारी ठेवणं ही सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि सर्रास फसवणारीही. मोहीम बहुधा कधी सुरू होते? एखाद्या वाईट महिन्यानंतर, कोणाचा तरी हात सुजून तक्रार झाल्यावर. वाईट महिन्यानंतरचा महिना काहीच न करताही थोडा बरा असतो. त्यात ऋतूची भर. आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात आणि सलाईनही वाढतं. सप्टेंबरची डिसेंबरशी तुलना करून मोहिमेचं श्रेय घेणं बरोबर नाही. त्याच ऋतूशी तुलना करा, नाहीतर तापाचे रुग्ण वेगळे काढून पाहा. धोक्याची लक्षणं नसलेला आणि तोंडाने नीट पिऊ शकणारा डेंग्यूचा रुग्ण तोंडावाटेच्या पाण्यावर सांभाळता येतो; तिथेही मोहिमेला वाव आहेच.

म्हणून मोहीम सुरू होण्याआधीचे निदान आठ, जमल्यास बारा आठवडे, आणि नंतरचे तितकेच आठवडे घ्या. जुने चार्ट मागे जाऊन पाहता येतात, त्यामुळे ‘आधीचं मोजायला वेळ नव्हता’ ही सबब चालत नाही. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर टक्केवारी, आणि आधीच्या आठवड्यांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढून त्याची रेषा पुढे ओढा. एक्सेलमध्ये हे तासाभरात होतं. लागोपाठ सहा किंवा अधिक बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला पडले, तर तो योगायोग मानू नये, असा ठोकताळा आहे. लागोपाठ पाच बिंदू चढत किंवा उतरत गेले तरी दखल घ्यावी.

एका चांगल्या आठवड्याने हुरळून जाऊ नये यासाठी एक हिशेब मनाशी ठेवा. समजा कॅन्युलांचं नेहमीचं प्रमाण ४५ टक्के आहे आणि आठवड्याला तुम्ही १०० चार्ट पाहता. काहीही न बदलता हा आकडा एखाद्या आठवड्यात ३० पर्यंत खाली किंवा ६० पर्यंत वर जाऊ शकतो. नियंत्रण आलेखाच्या सीमा साधारण तिथे येतात. म्हणजे ‘या आठवड्यात ३८ वर आलो’ ही अजून बातमी नाही. आठवड्याला ४०० चार्ट असतील तर सीमा साडेसदतीस ते साडेबावन्न अशा आवळतात.

आता बाजूला ठेवलेला लाल गट बाहेर काढा. गंभीर रुग्णांतलं कॅन्युलांचं प्रमाण मोहिमेमुळे बदलायला नको. पिवळ्या-हिरव्यात घट आणि लाल जिथल्या तिथे, असं चित्र असेल तर मोहिमेचं म्हणणं बळकट होतं. लालही खाली आला असेल, तर एकतर नोंदी बदलल्यात, किंवा ‘लाईन नको’ हा निरोप चुकीच्या ठिकाणी पोहोचला आहे. दुसरी शक्यता असेल तर आलेख पूर्ण व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी विभागप्रमुखांना सांगा.

पायरी ६ : मोहीम झाली तरी का?

ही पायरी बहुतेक अहवालांत नसतेच. लेक्चरला किती जण आले, त्यात रात्रपाळीचे किती? पोस्टर प्रोसीजर ट्रॉलीजवळ लागलं की प्रशासनाच्या कॉरिडॉरमध्ये? बटरफ्लाय नीडल ट्रॉलीत खरंच होत्या का? त्या संपल्या की रक्त काढायला सगळे पुन्हा कॅन्युलाच उचलतात, आणि मग दोष ‘सवयी’ला दिला जातो. इंटर्नची तुकडी बदलली तेव्हा नव्या मुलांना कोणी सांगितलं का? या तारखा आलेखावर बारीक उभ्या रेषांनी दाखवा. आकडा हलला नाही तर उपाय निरुपयोगी होता की उपाय झालाच नव्हता, हे त्यावरूनच कळेल.

चार-पाच सिस्टर्सशी आणि इंटर्नशी निवांत बोला. आमच्याकडे येणारी कारणं ठरलेली आहेत. वॉर्ड म्हणतो, ‘लाईनशिवाय पेशंट वर पाठवू नका.’ नातेवाईक म्हणतात, ‘एक बाटली तरी चढवा, डॉक्टर, अंगात ताकद नाही त्यांच्या.’ विम्याची फाईल करणारा म्हणतो, शिरेतून काही दिलेलं नसेल तर क्लेमवर ‘ओपीडीत झालं असतं’ असा शेरा येतो. यातलं एकही कारण पोस्टरने सुटणारं नाही, आणि हे तक्त्यातल्या आकड्यांतून दिसतही नाही. वॉर्डाचा नियम बदलायचा तर वॉर्डाच्या इन्चार्जबरोबर बसावं लागतं.

पायरी ७ : कोणाचं नुकसान झालं का, ते शोधा

कॅन्युला न टाकल्यामुळे कोणाला त्रास झाला का, हे आपण होऊन शोधावं लागतं. कमीत कमी एवढं पाहा : कॅन्युलाशिवाय वॉर्डात गेलेल्यांपैकी कितींना पुढच्या २४ तासांत ती टाकावी लागली, त्यातल्या कितींना घाईघाईत, प्रकृती बिघडल्यामुळे; सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याच्या) संशयितांना पहिलं अँटिबायोटिक मिळायला लागणारा वेळ वाढला का, आणि एका रुग्णाला एकूण किती वेळा टोचलं. शेवटचा मुद्दा रुग्णाच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाचा. आधी रक्तासाठी एक सुई आणि तासाभराने लाईनसाठी दुसरी, असं बऱ्याच जणांचं होऊ लागलं, तर कॅन्युला कमी होऊनही रुग्णाचं दुखणं वाढलं.

प्रकृती बिघडून घाईत लाईन टाकावी लागलेली प्रत्येक केस पूर्ण वाचा. टक्केवारी काढत बसू नका.

फायद्याच्या बाजूला रक्तातला जंतुसंसर्ग मुख्य मापक म्हणून घ्यायचा मोह होतो, कारण तो शब्द मीटिंगमध्ये वजनदार वाटतो. पण साध्या कॅन्युलांमुळे होणारा असा संसर्ग जुन्या जागतिक आढाव्यांनुसार हजारात एकाच्या आसपास आहे. वर्षाला तीन हजार कॅन्युला टाकणाऱ्या विभागात तीनाचे दोन झाले, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा शिरेची सूज मोजा. शून्य ते पाच अशी शिरेच्या सुजेची व्हिप मोजपट्टी सिस्टर्सना माहीत असते, दोन किंवा जास्त गुण आले की ती सूज धरायची आणि कॅन्युला काढायची. कॅज्युअल्टीत टाकून वॉर्डात गेलेल्या कॅन्युलांची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहणी केली तर हे हाती लागतं.

खर्चाचा हिशेब थोडक्यात करा : कॅन्युला, ड्रेसिंग, एक्स्टेंशन, फ्लशची सिरिंज, ग्लोव्हज. सिस्टरची वाचलेली मिनिटं वेगळी दाखवा. त्यांचे रुपये करून बचतीत मिळवू नका, कारण पगार तितकाच राहतो. ती मिनिटं दुसऱ्या रुग्णाला मिळाली, हाच तिथला फायदा.

पायरी ८ : निकाल सांगा आणि पुन्हा मोजायची तारीख ठरवा

यश कशाला म्हणायचं, हे मोहिमेआधीच एका कागदावर लिहून तारीख घालून ठेवलेलं असावं. उदाहरणार्थ : पिवळ्या-हिरव्या गटात पडून राहिलेल्या कॅन्युला शंभर रुग्णांमागे निम्म्यावर, लाल गटात बदल नाही, वॉर्डात घाईत टाकलेल्या लाईनमध्ये वाढ नाही. तिन्ही झालं तर यश. पहिलं झालं आणि तिसरं नाही, तर तसंच लिहा. अहवाल बाहेर कुठे प्रसिद्ध करायचा विचार असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे सुरुवातीलाच जा. काम संपल्यावर मागितलेली परवानगी मिळत नाही.

निकाल आधी कॅज्युअल्टीच्या लोकांना दाखवा, नंतर वरच्या मजल्यावर. एक पान, एक आलेख, शिफ्टप्रमाणे फोड, आणि कोणाचंही नाव नाही. ऑस्ट्रेलियाने मे २०२१ मध्ये कॅन्युलांविषयी राष्ट्रीय मानक आणलं, त्यात सुरुवातीलाच रुग्णाला शिरेतून उपचार हवेत का ते तपासा, असं सांगितलं आहे. तो प्रश्न तुमच्या नर्सिंग चार्टवर एक चौकोन म्हणून छापून घेता आला, तर पुढची मोजणी सोपी होईल : ‘कॅन्युला कशासाठी?’ आणि पुढे रिकामी जागा.

सहा महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे मोजा, त्याच व्याख्येने, त्याच तक्त्यात, तिन्ही शिफ्टमध्ये. तोवर इंटर्न बदललेले असतील, काही सिस्टर्सची बदली झालेली असेल, पोस्टरवर दुसरं पोस्टर लागलेलं असेल. कोण मोजणार त्याचं नाव आणि तारीख अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहा, आणि इन्चार्जची त्यावर सही घ्या.